अर्धा डोळा कुणाच्या कामाचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. तुमच्या नववीतल्या मुलानं विचारलं, की डोळ्यात समोरची पारदर्शक काच, बाहुली, भिंग, मागचा पडदा, मेंदूकडे जाणारी नस असे इतके भाग आहेत आणि त्यातला एक काढला तरी डोळा निकामी होतो. मग डोळा जर हळूहळू घडत गेला असेल, तर तो अर्धवट असताना त्याचा उपयोग काय होता? शिवाय तुम्ही विचारलंत, की घरच्या शेळीची बाहुली आडवी आणि मांजराची उभी का असते, आणि सगळ्यांत चांगला डोळा कुणाचा.

मी पशुवैद्य आहे. पहिली बरीच वर्षं सोलापूर जिल्ह्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्यात गेली. आता शहरात आहे आणि कुत्री-मांजरं जास्त येतात. उत्क्रांतीवर मी संशोधन केलेलं नाही, त्या विषयातलं जे सांगेन ते वाचून समजून घेतलेलं आहे. पण निरनिराळ्या प्राण्यांच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकून आत बघणं हे माझं रोजचं काम, आणि मुलाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या कामातच मिळालं आहे.

अडसर आहे तो 'एक भाग काढला की डोळा निकामी' या वाक्यात. ते इतकं उघड वाटतं की तपासून बघावं असं कुणाला सुचत नाही. माझ्याकडे मात्र एकेक भाग बिघडलेले डोळेच येतात. गेल्या पावसाळ्यात १४ वर्षांचा एक पॉमेरेनियन आणला होता. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, बाहुलीत शिंपल्याच्या आतल्या भागासारखा पांढरा गोळा. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, याला आता काही म्हणजे काही दिसत नाही." मी कापसाचा बोळा त्याच्या तोंडासमोरून खाली सोडला. पडताना आवाज होऊ नये म्हणून आम्ही ही चाचणी कापसानं करतो. त्यानं मान हलवली नाही. पण टॉर्च मारल्यावर बाहुल्या नीट आकसल्या, म्हणजे मागचा पडदा शाबूत होता. मग खोलीतला दिवा मालवला, त्याला फरशीवर सोडलं आणि मदतनिसाला दार हळूच किलकिलं करायला सांगितलं. उजेडाची पट्टी फरशीवर पडल्याबरोबर तो वळला आणि पट्टीवरून चालत दाराकडे निघाला. वाटेत मी न बोलता खुर्ची सरकवून ठेवली होती, तिच्या सावलीपाशी येऊन थबकला. बाईंना तेव्हा आठवलं, की रोज सकाळी गॅलरीत जिथे ऊन पडतं तिथेच तो जाऊन बसतो, आणि ऊन सरकलं की तोही सरकतो.

या कुत्र्याला चित्र दिसत नाही. पण उजेड आहे की नाही, कुठल्या बाजूला आहे आणि मध्ये काही आडवं आलं का, एवढं त्याला कळतं. तेवढ्यावर तो घरभर फिरतो.

दुसरं उदाहरण माणसाचंच घ्या. पूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंग काढून टाकायचे आणि आत नवीन बसवत नसत. मग बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा. माझ्या आजीचं तसंच झालं होतं. चष्मा उशाला ठेवूनही ती पहाटे उठून चूल पेटवायची, दारात कोण आलं ते अंगलटीवरून ओळखायची. भिंग हा डोळ्याचा मुख्य भाग, तो काढल्यावरही एवढं शिल्लक राहतं. कारण उजेड वळवण्याचं साधारण दोन तृतीयांश काम समोरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया करते. भिंग उरलेलं काम करतं आणि जवळ-लांबचा मेळ घालतं. तेव्हा मुलाला पहिली गोष्ट ही सांगा, की डोळ्याचा एखादा भाग गेला की डोळ्याचं काम कमी होतं, ते शून्य होतंच असं नाही. कमी काम करणारा डोळा आणि डोळाच नसणं यांत केवढा फरक असतो, हे त्या पॉमेरेनियनला विचारावं.

आता उलट्या बाजूनं येऊ. काय काढलं तर खरोखरच सगळं थांबतं? ते मला एका दुष्काळात बघायला मिळालं.

२०१२-१३ साली आमच्या भागात हिरवी काडी मिळत नव्हती. एका वस्तीवर जनावरं कित्येक महिने जुन्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या कडब्यावर होती. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "बाई, कालवड दिवसा बरी असती, पण दिवेलागणीला गव्हाणीला धडकती." मी मुद्दाम संध्याकाळी गेले. सात-आठ महिन्यांची कालवड, डोळे बाहेरून स्वच्छ, ना पाणी ना फूल. अंधारून आलं तशी ती दावणीला पाय अडकून अडखळायला लागली. टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्याच राहिल्या, आकसल्या त्या सावकाश. तो रातांधळेपणा होता. अ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, बाबांनी कुठूनतरी थोडा लसूणघास आणून रोज चारला, आणि काही आठवड्यांत ती संध्याकाळी सरळ चालायला लागली. तिच्याच दावणीचं दुसरं वासरू मात्र कायमचं आंधळं झालं. वाढत्या वासरात या जीवनसत्त्वाअभावी कवटीचं हाड वेडंवाकडं वाढतं आणि ज्या भोकातून दृष्टीची नस जाते ते अरुंद होऊन नस चेपते. तिथे इंजेक्शनचा उपयोग होत नाही. त्या वासराच्या कपाळावरून हात फिरवत बाबा बराच वेळ उभे होते, ते मी विसरलेले नाही.

कालवडीच्या डोळ्यात सगळे भाग जागच्या जागी होते. नव्हता तो एक रेणू. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व होतं आणि त्यापासून रेटिनल नावाचा छोटा, मध्ये वाकलेला रेणू. तो ऑप्सिन नावाच्या प्रथिनाच्या कुशीत बसलेला असतो. उजेडाचा कण त्याच्यावर आदळला की तो सरळ होतो, त्या हिसक्यानं ऑप्सिनचा आकार बदलतो आणि पेशीतून मेंदूकडे संदेश निघतो. रेटिनल पुन्हा वाकवून जागेवर बसवला की पुढच्या कणासाठी सज्ज. जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल मिळालं ते या साखळीचा उलगडा केल्याबद्दल. आणि ज्याला डोळा म्हणता येईल असं काही ज्यांच्याकडे आहे त्या जवळपास सगळ्या प्राण्यांत हीच जोडी आहे: ऑप्सिन आणि रेटिनल, किंवा रेटिनलचा अगदी जवळचा भाऊ. माशीत, माशात, माकुलात (म्हणजे समुद्रातल्या स्क्विडमध्ये), गाईत आणि तुमच्या मुलातही.

ऑप्सिनसुद्धा आकाशातून पडलेलं नाही. वास ओळखणारी आणि अ‍ॅड्रिनलिनला प्रतिसाद देणारी पेशींवरची जी प्रथिनं आहेत त्यांच्याच कुळातलं ते आहे. पेशीबाहेर काय चाललंय याची आत वर्दी देणं हे या कुळाचं जुनं काम. त्यातल्या एकाला उजेडाची वर्दी देता यायला लागली, तिथे डोळ्याची सुरुवात मानायला हरकत नाही. बाकीचे सगळे भाग त्या एका पेशीपर्यंत उजेड नीट पोचावा म्हणून नंतर जमत गेले.

कसे जमत गेले हे बघायला जीवाश्म फारसे मदत करत नाहीत, कारण डोळा मऊ असतो आणि सडून जातो. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायलोबाइट या प्राण्यांचे डोळे दगडात टिकले, कारण त्यांची भिंगं कॅल्साइट या खनिजाची होती. पण ते तोवर पुरते घडलेले होते. म्हणून आपण जिवंत प्राण्यांकडे वळू. इथे एक इशारा देते: आज जिवंत असलेला साधा प्राणी हा गुंतागुंतीच्या प्राण्याचा आजोबा नसतो, चुलत भाऊ असतो. तो एवढंच दाखवतो की अमुक टप्प्यावरचा डोळा घेऊनही संसार नीट चालतो.

ओढ्यातल्या दगडाखाली प्लॅनेरिया नावाचा चपटा, नखाएवढा कृमी असतो. डोक्यावर दोन काळे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे काळ्या रंगाची छोटी वाटी आणि तिच्यात उजेड ओळखणाऱ्या पेशी. वाटीची भिंत एका बाजूचा उजेड अडवते म्हणून उजेड कुठून येतोय ते कळतं. दगड उचललात की तो सावलीकडे सरकतो. हा माझा पॉमेरेनियनच आहे, फक्त ठणठणीत.

पुढची वाट शिंपले-गोगलगायींच्या कुळात जवळजवळ पायरी-पायरीनं दिसते. कोकणात ओहोटीला खडकांवर टोपीसारखे घट्ट चिकटलेले एकशिंपी प्राणी दिसतात, त्यांच्याशी मिळत्याजुळत्या लिंपेट नावाच्या प्राण्याचा डोळा म्हणजे कातडीतला उथळ खळगा. खळगा खोल होत तोंड अरुंद झालं की नॉटिलसचा डोळा होतो. हा खोल समुद्रातला, वळणदार शंख असलेला माकुलाचा नातेवाईक. त्याच्या डोळ्याला भिंग नाही, कॉर्निया नाही, नुसतं बारीक छिद्र, आणि त्यातून समुद्राचं पाणी थेट आत. दुपारी दार लावून घेतलं की फटीतून रस्त्यावरची माणसं भिंतीवर उलटी चालताना दिसतात, ते तुम्ही लहानपणी बघितलं असेल. नॉटिलस त्याच तत्त्वावर बघतो. अडचणही तीच: फट बारीक केली तर चित्र रेखीव पण अंधुक, मोठी केली तर उजळ पण पसरट. या कोंडीतून भिंगच सोडवतं. पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या गोगलगाईच्या लांब शिंगांच्या टोकाला जो काळा ठिपका असतो तो डोळाच, आणि त्यात छोटं भिंग आहे. आणि मग माकूल: भिंग, बुबुळ, पडदा असलेला पुरा कॅमेऱ्यासारखा डोळा. माकूल साफ करताना डोळा फुटला तर काचेच्या मण्यासारखं टणक भिंग हाताला लागतं.

खळग्यापासून भिंगापर्यंतचा हा प्रवास किती पावलांचा असेल? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या डॅन-एरिक निल्सन आणि सुझान पेल्गर यांनी १९९४ साली याचा हिशेब मांडला. काळ्या थरावर उजेड ओळखणाऱ्या पेशींचा सपाट तुकडा आणि त्यावर पारदर्शक आवरण, इथून सुरुवात. अट अशी, की एका पावलात फक्त १ टक्का बदल करायचा आणि प्रत्येक पावलागणिक चित्र आधीपेक्षा थोडं तरी रेखीव झालं पाहिजे. १,८२९ पावलांत माशासारखा भिंगाचा डोळा तयार झाला. अतिशय कंजूष अंदाज धरूनही त्यांना ३,६४,००० पिढ्यांहून कमी लागल्या. वर्षाला एक पिढी धरली तर साडेतीन-पावणेचार लाख वर्षं, जी ५० कोटी वर्षांपुढे काहीच नाहीत. हा हिशेब फक्त आकाराचा आहे. उजेड ओळखणारी पेशी आधीच आहे असं त्यात गृहीत धरलेलं आहे आणि मेंदूची जोडणी त्यात येत नाही. पण 'अर्धवट टप्प्यावर उपयोग काय' याचं उत्तर त्यात नेमकं आहे, कारण निरुपयोगी पाऊल टाकायला त्यात परवानगीच नव्हती.

भिंगाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मला डोळ्यातला सगळ्यांत विलक्षण भाग तोच वाटतो. तळलेल्या बांगड्याचं डोकं खाताना डोळ्यातून एक पांढरा, टणक, वाटाण्याहून लहान गोळा निघतो. ते भिंग. कच्च्या माशात तो नितळ असतो, तव्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पांढरा होतो, कारण दोन्हीकडे मामला प्रथिनांचाच आहे. मोतीबिंदूतही भिंगातली प्रथिनं गोळा होतात, फक्त आच नसते आणि वर्षं लागतात. या प्रथिनांना क्रिस्टॅलिन म्हणतात. ती खास भिंगासाठी घडवलेली असतील असं वाटेल, पण तसं नाही. आपल्या भिंगातलं एक मुख्य क्रिस्टॅलिन उष्णतेच्या त्रासात पेशीतली इतर प्रथिनं सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं आहे. बदकाच्या भिंगात तर लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइमच भरलेलं असतं, जे एरवी शरीरात साखरेतून ऊर्जा काढण्याच्या कामी येतं. दाटीवाटीनं भरलं तरी नितळ राहणारं आणि वर्षानुवर्षं न बिघडणारं जे घरात होतं ते वापरलं गेलं. फाटक्या लुगड्यांची गोधडी करतात तसं.

आणि माशाचं भिंग गोटीसारखं गोल का? विहिरीत सूर मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, कारण कॉर्नियाच्या बाहेर हवेऐवजी पाणी आलं की उजेड तिथे वळतच नाही. माशाचं सगळं आयुष्य पाण्यात, म्हणून वळवण्याचं सगळं काम एकट्या भिंगावर आणि म्हणून ते पूर्ण गोल. जमिनीवर आल्यावर कॉर्निया कामाला लागली आणि भिंग चपटं होऊ शकलं.

इथवर तीन गोष्टी झाल्या: उजेड टिपणारी जोडी सगळ्यांची एक आहे, डोळ्याचा प्रत्येक टप्पा आज कुणा ना कुणाच्या रोजच्या उपयोगात आहे, आणि नवे भाग जुन्या सामानातून आले.

जुन्या सामानातून आल्याची खूण आपल्या डोळ्यात उरलेलीही आहे. मुलाला हे करून बघायला सांगा. दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे शेजारी-शेजारी उभे करायचे. डावा डोळा मिटायचा आणि उजव्या डोळ्यानं डाव्या अंगठ्याकडेच टक लावायची. आता उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्यायचा. वीतभर अंतराच्या जरा आत त्याचं टोक नाहीसं होतं. तिथे आपला आंधळा डाग आहे. आपल्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी सगळ्यांत मागे आणि त्यांच्या तारा पुढे, म्हणजे उजेडाच्या वाटेत. त्या तारा गोळा होऊन जिथून मागे जातात तिथे पेशी नाहीत. माकुलाच्या डोळ्यात पेशी पुढे आणि तारा मागे, त्यामुळे त्याला आंधळा डाग नाही. आपण आणि माकूल वेगळ्या वाटांनी कॅमेऱ्यासारख्या डोळ्यापर्यंत आलो याची ही खूण. त्याचा डोळा बाहेरच्या कातडीपासून आत वळत घडतो, आपला पडदा मेंदूतून बाहेर येतो. उबवणीच्या अंड्यात चौथ्या दिवसाच्या सुमारास पिल्लाचे काळे डोळे दिसतात, बाकी शरीर नीट आकाराला आलेलं नसतं, ते डोळे मेंदूच्या नळीला आलेल्या दोन फुग्यांपासूनच घडलेले असतात. फुगा आत दबून वाटी झाली की पेशींची तोंडं मागे जातात.

ही उलटी मांडणी निव्वळ तोट्याची नाही. मागच्या थराला टेकल्यामुळे पेशींना भरपूर रक्त मिळतं आणि तो थर वापरलेलं रेटिनल पुन्हा वाकवून देतो. पण सांधा कच्चाच. मूत्रपिंड बिघडलेलं, रक्तदाब वाढलेलं म्हातारं मांजर एका रात्रीत आंधळं होऊन येतं, तेव्हा बहुतेक वेळा पडदा नेमका याच सांध्यात सुटलेला असतो. लवकर आणलं आणि रक्तदाब उतरवला तर कधीकधी थोडी नजर परत मिळते. घरात म्हातारं मांजर असेल आणि त्याच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्या दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

वाटा वेगळ्या म्हटलं, पण सुरुवातीची कळ सगळ्यांची एक आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली फळमाशीतला डोळ्याचा एक जनुक भलत्या ठिकाणी चालू केला, तर माशीच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले. मग त्या जागी उंदराचा तोच जनुक वापरला. तरीही डोळा उगवलाच, आणि तो उंदराचा नव्हे, माशीचाच, अनेक नेत्रिकांचा, म्हणजे बारीक-बारीक डोळ्यांनी मिळून बनलेला. 'इथे डोळा कर' एवढाच हुकूम तो जनुक देतो. कसला करायचा ते माशीच्या शरीराला ठाऊक असतं. माणसात याच जनुकाची एक प्रत बिघडली तर बुबुळ नीट तयार होत नाही.

आता शेळी आणि मांजर. २०१५ साली २१४ प्रकारच्या प्राण्यांच्या बाहुल्या तपासलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उघड्यावर चरणाऱ्या, ज्यांची शिकार होते अशा प्राण्यांत आडवी बाहुली जास्त, आणि दबा धरून झडप घालणाऱ्या, जमिनीलगतच्या छोट्या शिकाऱ्यांत उभी जास्त, असं त्यात दिसलं. आडव्या फटीतून क्षितिजालगतचा पट्टा डावी-उजवीकडे लांबवर नीट दिसतो आणि वरून येणारं ऊन कमी शिरतं. शेळीला हेच हवं, कारण लांडगा किंवा बिबट्या जमिनीवरूनच येतो. पण चरायला मान खाली घातल्यावर बाहुली उभी होणार नाही का? हे तुम्ही आज घरीच बघू शकता. शेळी समोर बघत असताना बाहुलीची रेघ बघा, मग तिला जमिनीवर पाला टाका आणि बाजूला बसून बघा. मान खाली जाते तसा डोळा खोबणीत उलटा फिरतो, ५० अंश किंवा त्याहूनही जास्त, आणि रेघ जमिनीला समांतरच राहते. मी वर्षानुवर्षं शेळ्या तपासल्या आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो अभ्यास वाचला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शेळीपाशी जाऊन बसले.

मांजराची उभी फट रात्री जवळजवळ पूर्ण गोल होते. तिचं क्षेत्रफळ १३५ पटींपर्यंत बदलतं, आपल्या गोल बाहुलीचं साधारण १५ पटींपर्यंत. रात्री शिकार आणि दिवसा उन्हात लोळणं, दोन्ही निभावायला हे लागतं. शिवाय उभी फट झडपेचं अंतर जोखायला मदत करते, आणि हा फायदा डोळे जमिनीपासून जितके कमी उंचीवर तितका जास्त. म्हणून त्याच कुळातल्या बिबट्याची आणि वाघाची बाहुली गोल. सापांत घोणस आणि फुरसं यांची बाहुली उभी, धामणीची गोल. पण बाहुलीवरून साप विषारी की बिनविषारी ठरवायला कृपा करून जाऊ नका. नाग आणि मण्यार दोघांच्याही बाहुल्या गोल आहेत.

सगळ्यांत चांगला डोळा कुणाचा, याचं उत्तर प्राणी कुठे राहतो, कधी जागा असतो, काय खातो आणि त्याला कोण खातं यावर ठरतं. गरुडाची नजर आपल्या दुपटीहून थोडी जास्त तीक्ष्ण, पण अंधारात तो बसून राहतो. कुत्र्याला आपल्यासारखे तीन नव्हे, दोनच रंगांचे संवेदक, पण संध्याकाळी तो आपल्याला लाजवतो. बैलाचंही रंगांच्या बाबतीत तसंच, त्यामुळे लाल कापडानं तो चिडतो ही समजूत सोडून द्या, त्याला हलणारं कापड टोचतं. मधमाशीला फुलांवरच्या अतिनील रेघा दिसतात, मात्र चित्र भरड. गाईला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, फक्त थेट मागे नाही, म्हणून मी गाईजवळ नेहमी बाजूनं आणि बोलत जाते. पेटीसारख्या आकाराच्या, क्यूबोमेड्युसी गटातल्या जेलीफिशला २४ डोळे आहेत, त्यातल्या काहींना भिंगही आहे, आणि मेंदू म्हणावा असा अवयवच नाही.

डोळा नसणंही कधी परवडतं. डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग यांना सतत ऊर्जा लागते. मेक्सिकोच्या गुहांमधल्या आंधळ्या माशाच्या गर्भात डोळा घडायला सुरुवात होते, मग भिंग मरतं आणि डोळा आत बुडून जातो. २००० साली उघड्यावरच्या त्याच जातीच्या माशाचं भिंग या गर्भात बसवलं तर मोठा डोळा तयार झाला. म्हणजे बाकी सामान हजर होतं. आपल्याकडे बस्तरच्या कुटुमसर गुहेतही असे मासे आहेत, ज्यांचे डोळे खुजे झालेत, आणि त्यांचे डोळस भाऊबंद बाहेरच्या ओढ्यांत पोहतात.

शेवटी, मुलाला हे हातानं बघायचं असेल तर मटणाच्या दुकानात मुंडीतला एक डोळा ताजा काढून मागा. हातमोजे घाला, ब्लेड तुम्ही चालवा. कॉर्निया चिवट असते, ब्लेड घसरतं, म्हणून पांढऱ्या भागातून सुरुवात करून गोल कापत जा. आधी पाणी येईल, मग थुलथुलीत पारदर्शक जेली, तिला चिकटून भिंग. भिंग धुऊन वर्तमानपत्राच्या अक्षरांवर ठेवलंत तर अक्षरं मोठी दिसतील. मागच्या वाटीतला पडदा ओल्या टिश्यू पेपरसारखा एकाच जागी चिकटलेला असेल. ती जागा म्हणजे आंधळा डाग. पडदा अलगद बाजूला केलात की खाली मोरपिसासारखा निळा-हिरवा थर चमकेल. रात्री टॉर्चच्या उजेडात शेळीचे डोळे चमकतात ते याच्यामुळे. पडद्यातून निसटलेला उजेड तो परत पडद्यावर पाठवतो. अंधारात जास्त दिसतं, चित्र किंचित पसरतं. तो आपल्यात नाही आणि डुकरातही नाही. भिंग गोल आहे की चपटं, हेही मुलाला बघायला सांगा, आणि जमलं तर त्याच दिवशी बांगड्याच्या भिंगाशेजारी ठेवा.